आउटबोर्डचा आरपीएम काटा दीडपट दाखवतो, उड्या मारतो किंवा हलतच नाही: कुठे बघायचं

देवबागच्या टोकाला कर्ली नदी समुद्राला मिळते. ओहोटीचं पाणी बाहेर पडत असताना समोरून लाट आली की तिथे पाणी उभं राहतं. अशा जागी गिअर टाकल्याबरोबर मशीन बंद पडलं, तर होडी आडवी व्हायला दोन लाटा पुरतात. काकांचं ४० अश्वशक्तीचं, दोन सिलेंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेलं मशीन, गेल्या हंगामात तिथे तीनदा बंद पडलं, आणि तिन्ही वेळा गिअर टाकतानाच. कार्ब्युरेटर दोनदा साफ केला, प्लग बदलले, पेट्रोल कापडातून गाळलं, पंप उघडला. दोष निघाला तो टॅकोमीटरच्या, म्हणजे मशीनचे मिनिटाला होणारे फेरे (आरपीएम) दाखवणाऱ्या मीटरच्या, पाठीवरच्या एका छोट्या फिरत्या बटणात.

नारळी पौर्णिमेनंतर होडीवर नवा टॅकोमीटर बसवला होता. न्यूट्रलमध्ये तो १५०० दाखवत होता. मॅन्युअलमध्ये स्लो, म्हणजे रेस न देता मशीन चालतं तेव्हाचे फेरे, १००० च्या आसपास लिहिला आहे, म्हणून मेकॅनिकने स्क्रू फिरवून काटा १००० वर आणला. पूर्ण रेसला काटा ६३०० वर जायचा आणि मॅन्युअलची मर्यादा ४५०० ते ५५००. मशीन जास्त पळतंय असं ठरवून १३ इंच पिचचा (पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा पाण्यात जितका पुढे सरकेल ते अंतर) पंखा काढला आणि १५ चा घातला. काटा ५८०० च्या आसपास आला. सगळ्यांना वाटलं, आता बरंचसं जमलं, अजून एक इंच वाढवला की झालं.

काटा दीडपट दाखवत होता. खरा स्लो आधीपासून १००० च होता, तो आम्ही ६७० पर्यंत खाली ओढला. इतक्या कमी फेऱ्यांवर गिअरचा भार आला की टू-स्ट्रोक गुदमरणारच. पूर्ण रेसला खरे फेरे ४२०० होते, म्हणजे भरल्या होडीला १३ चा पंखाही जड होता, आणि आम्ही आणखी जड घालून ते ३९०० च्या खाली नेले. पेट्रोल जास्त लागायला लागलं, प्लगवर काजळी धरायला लागली. काका म्हणत होते, "मशीन पयल्यासारख्या उचलणा नाय." ते बरोबर सांगत होते आणि मी काट्याकडे बोट दाखवत होतो.

म्हणून हे सविस्तर लिहितोय. होडीवर टॅकोमीटर नसेल तर माणूस आवाजावर चालतो आणि बहुधा ठीक चालतो. चुकीचा टॅकोमीटर असेल तर तो कानावर विश्वास ठेवायचं सोडतो.

काटा नेमकं काय मोजतो

आउटबोर्डच्या टॅकोमीटरला फिरणारा दांडा जोडलेला नसतो. फ्लायव्हीलच्या, म्हणजे मशीनच्या डोक्यावर फिरणाऱ्या जड चाकाच्या, आतल्या कडेला चुंबकं असतात आणि त्यांच्या आत स्टेटरच्या न फिरणाऱ्या कॉइल. चुंबकाचे उत्तर-दक्षिण ध्रुव कॉइलसमोरून गेले की एसी वीज तयार होते. तीच पुढे रेक्टिफायरमधून डीसी होऊन बॅटरी चार्ज करते. टॅकोमीटरची सिग्नलची वायर रेक्टिफायरच्या आधी, एसीच्या बाजूला जोडलेली असते आणि मीटर त्या लहरी मोजतो. ध्रुवांची एक जोडी गेली की एक लहर. फ्लायव्हीलला १२ ध्रुव असतील तर एका फेऱ्यात ६ लहरी, १० असतील तर ५, ८ असतील तर ४.

तुमच्या मशीनच्या एका फेऱ्यात किती लहरी येतात हे मीटरला आपोआप कळत नाही. ते आपण सांगायचं असतं, आणि त्यासाठी पाठीमागे स्क्रू-ड्रायव्हरने फिरवायचं बटण असतं. त्यावर ४पी, ५पी, ६पी अशा खुणा असतात. आमचं मशीन ६ लहरींचं, बटण ४ वर. दुकानातून आलं तसंच बसवलेलं.

हिशोब सोपा आहे. काट्याने दाखवलेला आकडा घ्या, त्याला बटणावरच्या आकड्याने गुणा आणि मशीनच्या खऱ्या लहरींनी भागा. ६३०० गुणिले ४ भागिले ६, म्हणजे ४२००. बटण ५ वर असतं तर ४२०० फेऱ्यांना काट्याने ५०४० दाखवले असते, आणि ही चूक जास्त धोक्याची, कारण ५०४० हा आकडा अगदी खरा वाटतो. दुप्पट किंवा निम्मं दिसलं तर कुणीही थबकतो. पाचाच्या जागी सहा कुणाच्या लक्षात येत नाही.

खुणांमध्येच एक गोंधळ आहे. काही मीटरवर आकडा लहरींचा असतो आणि काहींवर ध्रुवांचा. एका मीटरवरचा ६ आणि दुसऱ्यावरचा १२ एकच गोष्ट सांगत असतात. काहींवर ४सी, ६सी, ८सी अशाही खुणा असतात. त्या इग्निशन कॉइलवरून सिग्नल घेणाऱ्या फोर-स्ट्रोक इंजिनाच्या सिलेंडरसाठी आहेत. चार सिलेंडरच्या फोर-स्ट्रोकला एका फेऱ्यात दोनच ठिणग्या, म्हणून ४सी म्हणजे २ लहरी. गाडीचा मीटर होडीवर लावणाऱ्यांची चूक इथेच होते. ६सी ला ठेवलं की आपल्याला ६ वाटतं, मीटर मात्र ३ ने भागतो आणि काटा दुप्पट पळतो.

खऱ्या लहरी किती हे कसं ठरवायचं

पहिला मार्ग मॅन्युअल. स्टेटरच्या किंवा चार्जिंगच्या पानावर ध्रुवांची संख्या दिलेली असते. १२ ध्रुव सर्रास आढळतात, पण जुन्या आणि लहान मशीनमध्ये ४ किंवा ६ ध्रुवही असतात. शेजाऱ्याच्या मशीनला ६पी चालतं म्हणून आपल्याला चालेलच असं धरू नका.

दुसरा मार्ग पुष्कळजण सुचवतात: फ्लायव्हील काढा आणि चुंबकं मोजा. मी तो सुचवत नाही. पुलर लागतो, नट ठरलेल्या ताकदीनेच परत आवळावा लागतो, आणि एवढं करूनही फसगत होते, कारण चुंबकाच्या एका तुकड्यात दोन ध्रुव असू शकतात. सहा तुकडे दिसले म्हणजे सहाच ध्रुव असं नसतं.

मी केलं ते असं. हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला येणाऱ्या लहरी, मोजणारा साधा मल्टिमीटर घेतला आणि फेरे मोजणारा हातातला लेझर टॅको एका मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून तासाभरासाठी मागून आणला. मशीन पाण्याच्या पिंपात उभं केलं. कोरडं चालवायचं नाही, एका मिनिटाच्या आत पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर जळू शकतो. वरचं झाकण काढलं, फ्लायव्हीलच्या डोक्यावर चमकत्या टेपचा एक तुकडा चिकटवला. गिअर न्यूट्रलला, मशीन झटकन बंद करणाऱ्या किल-स्विचची दोरी मनगटाला, सैल बाहीचा शर्ट अंगात नको आणि ओढायची दोरी फ्लायव्हीलपासून लांब. मग मशीन गरम होऊ दिलं. लेझरवर ६७० आणि सिग्नलच्या वायरवर ६७ हर्ट्झ. ६७ ला ६० ने गुणून ६७० ने भागलं की ६ येतात. दहा मिनिटांचं काम होतं, आणि त्याआधी तीन महिने गेले होते.

लेझर मिळाला नाही तर स्लोचा उपयोग करा, पण तो स्क्रू कुणी फिरवलेला नसेल तरच. कंपनीतून आल्यासारखं नीट चालणारं लहान आउटबोर्ड न्यूट्रलमध्ये साधारण ७०० ते ११०० च्या दरम्यान असतं; तुमच्या मशीनचा आकडा मॅन्युअलमधून घ्या. काटा १५००, १८००, २००० दाखवत असेल आणि मशीन शांत चालत असेल, तर हात आधी मीटरच्या बटणाकडे जाऊ दे, स्लोच्या स्क्रूला लगेच लावू नका.

बटण फिरवताना मीटरचा करंट बंद हवा. काही मीटर हे सेटिंग किल्ली फिरवताना एकदाच वाचतात. चालू असताना फिरवलं तर काटा हलत नाही आणि आपण समजतो बटण खराब आहे. मीटर जुना असेल तर बटण दोन्ही टोकांपर्यंत आठ-दहा वेळा फिरवा आणि मग जागेवर आणा. खाऱ्या हवेने आतल्या पट्ट्यांवर थर धरतो. काल बरोबर असलेला काटा आज एकदम दीडपट किंवा पाऊणपट दाखवायला लागला, तर कारण बहुधा हेच.

बटण ६ वर आणलं, स्लो परत १००० वर नेला, १५ चा पंखा उतरवला. मग ११ चा घालून बर्फ, जाळी आणि चार माणसं घेऊन बाहेर गेलो. पूर्ण रेसला ४६०० ते ४७००. पिच एक इंच कमी केलं की साधारण १५० ते २०० फेरे वाढतात, त्या हिशोबाला ते धरूनच होतं. एक गोष्ट मुद्दाम सांगतो: पंखा ठरवायची फेरी भरलेल्या होडीनेच मारा. रिकाम्या होडीत सगळे पंखे चांगले वाटतात.

काटा उड्या मारत असेल तर

हा त्रास वेगळा आणि आमच्याकडे तो दुसऱ्याच महिन्यात आला. काटा ३००० वर स्थिर, मग अचानक ४५००, मग शून्य. बसवणारा माणूस मोटरसायकल आणि रिक्षाचं वायरिंग करणारा होता, हात चांगला, पण सवय गाडीची. गाडीत मायनस बॉडीला दिला की काम झालं, कारण बॉडी लोखंडाची. आपली होडी फायबरची. तिच्यात बॉडीला अर्थिंग देणं म्हणजे लाकडी फळीला देणं. त्याने मीटरचा मायनस कन्सोलच्या स्टीलच्या पट्टीला दिला होता. त्या पट्टीला हॉर्नचा मायनस होता आणि हॉर्नची वायर फिरून बॅटरीकडे जात होती. वाटेतल्या एका जोडात पाणी शिरलं होतं.

मीटरचा काळा मायनस थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत न्या, स्वतंत्र वायरने. तपासायचं असेल तर एक लांब वायर घ्या, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं मीटरच्या मायनस पिनला धरा आणि मशीन चालवा. काटा शांत झाला तर दोष सापडला. मी हेच सगळ्यात आधी करतो, कारण यात काहीही उघडावं लागत नाही.

मग प्लस बघा. किल्ली चालू असताना मीटरच्या पिनवर बॅटरीइतकेच व्होल्ट हवेत. अर्धा व्होल्टही कमी असेल तर मध्ये एखादा जोड सडलाय. समुद्रावर साधी तांब्याची वायर प्लास्टिकच्या आतूनच काळी पडते. बाहेरून नवी दिसते, सोलली की आत कोळसा. टोकापासून एक वीत कापा. तरी काळीच असेल तर वायर फेकून द्या. कलई केलेली, म्हणजे टिन्ड वायर महाग पडते, पण होडीवर तीच घालावी. जोडाला पिळून काळी टेप गुंडाळू नका, त्या टेपच्या आत पाणी आयुष्यभर राहतं. लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) दाबून बसवा आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा.

बॅटरीच्या टर्मिनलवर हाताने आवळायचे पंखवाले नट असतील तर तेही बदला. लाटांच्या हादऱ्याने ते सैल होतात. जोड सैल झाला की चार्जिंगचे व्होल्ट उसळतात आणि सिग्नल त्याच कॉइलवरून येत असल्यामुळे काटा नाचतो. काट्यापुरतं थांबलं तर नशीब; पुढे रेक्टिफायर जातो.

अर्धा तास बरोबर चालून मग बिघडणारा काटा

हे अनेकांना चकवतं. सकाळी बंदरातून निघताना सगळं ठीक. अर्ध्या तासाने जास्त रेसला काटा कोसळतो किंवा थरथरतो, रेस कमी केली की परत येतो. मीटर गरम झाला म्हणून लोक नवा आणतात. नवाही तसंच करतो.

बॅटरी भरत आली की रेग्युलेटर जास्तीची वीज अडवतो. लहान मशीनमध्ये बऱ्याचदा तो ती कॉइलकडेच शॉर्ट करून अडवतो. मग सिग्नलची लहर चेपली जाते आणि मीटरला काही लहरी दिसतच नाहीत. ओळखायची खूण अशी: काटा कोसळला की सगळे दिवे, पंप, जे असेल ते चालू करा. बॅटरीवर भार आला आणि काटा जागेवर आला, तर मीटर निर्दोष आहे. बॅटरीवर मशीन चालू असताना व्होल्ट मोजा. १४.५ च्या आत स्थिर असतील तर रेग्युलेटर ठीक आहे, फक्त मीटरला ती चेपलेली लहर वाचता येत नाही, आणि चांगल्या अर्थिंगने पुष्कळदा तेवढं निभावतं. १५ च्या वर जात असतील तर रेग्युलेटर गेला, आणि बॅटरी उकळायच्या आत तो बदलायला हवा.

काटा हलतच नाही

किल्ली फिरवल्यावर काटा शून्यावर नीट येऊन बसतो का ते बघा. तेवढंही होत नसेल तर प्लस किंवा मायनस पोचत नाही. शून्यावर येतो पण पुढे जात नाही, तर सिग्नल नाही.

सिग्नलची वायर कोणती हे रंगावरून ठरवताना जपून. बऱ्याच मशीनमध्ये ती राखाडी असते आणि किल्लीचा प्लस जांभळा. यामाहाच्या वायरिंगमध्ये सिग्नल हिरवा आणि प्लस पिवळा. त्यात जुन्या होडीत मधल्या कुणीतरी हाताला लागेल त्या रंगाचा तुकडा जोडलेला असतो. मल्टिमीटर एसीवर ठेवून सिग्नल आणि मायनसमध्ये मोजा. स्लोला सहा-आठ व्होल्ट तरी दिसायला हवेत. स्वस्त मल्टिमीटरचा आकडा ढोबळच असतो, पण आहे की नाही एवढं त्यातून कळतं. मशीनकडच्या टोकाला आहे आणि मीटरकडे नाही, तर वायर तुटली आहे. ती बहुतेकदा मशीन वळतं आणि तिरकं उचललं जातं त्या वाकण्यातच तुटते. मशीनकडेही नाही, आणि बॅटरीही चार्ज होत नाही, तर रेक्टिफायर किंवा स्टेटर.

रेक्टिफायर आपणच जाळतो. मशीन चालू असताना बॅटरीची वायर काढली, किंवा घाईत प्लस-मायनस उलटे लावले, की तो गेला. पावसाळ्यात बॅटरी घरी नेतात आणि मासेमारीची बंदी संपल्यावरच्या गडबडीत परत जोडतात, तेव्हा हे सगळ्यात जास्त होतं. आम्ही आता दोन्ही वायरींना लाल आणि काळी स्लीव्ह चढवली आहे.

दोरी ओढून चालू होणारी लहान मशीनं

पाच ते दहा अश्वशक्तीच्या अनेक मशीनना बॅटरीच नसते आणि चार्जिंगची कॉइलही नसते. त्यांना प्लगच्या जाड वायरभोवती वेढे घालायचा छोटा डिजिटल मीटर लागतो, त्याची बॅटरी आतच असते. वायरीचे चार-पाच वेढे घट्ट घाला आणि टाय लावा. उरलेली वायर दुसऱ्या सिलेंडरच्या प्लग वायरीजवळून नेऊ नका, नाहीतर त्याच्याही ठिणग्या मोजल्या जातात.

इथे सेटिंग ठिणग्यांचं असतं. टू-स्ट्रोकला बहुधा एका फेऱ्यात एक ठिणगी. फोर-स्ट्रोकला पुस्तकात दोन फेऱ्यांत एक ठिणगी असते म्हणून लोक तसं सेटिंग ठेवतात आणि आकडा दुप्पट येतो. बहुतेक लहान फोर-स्ट्रोक आउटबोर्ड प्रत्येक फेऱ्याला ठिणगी टाकतात. एक्झॉस्टच्या वेळची ठिणगी वाया जाते, पण मीटर तीही मोजतो. म्हणून फोर-स्ट्रोकलाही आधी 'एक फेरा, एक ठिणगी' लावून बघा. स्लोला ९०० च्या आसपास आलं तर तेच ठेवा. ४५० आलं तर दुसरं लावा, कारण ४५० वर ते मशीन चालूच राहिलं नसतं.

आकडे वेडेवाकडे उडत असतील तर प्लग बघा. ज्या मशीनला आर अक्षराचा, म्हणजे रेझिस्टरवाला प्लग सांगितलाय तिथे साधा घातला की ठिणगीचा विजेचा गोंगाट मीटरमध्ये शिरतो. वेढे एक-दोन कमी करूनही फरक पडतो.

काकांच्या होडीवर सध्या मीटरच्या पाठीवर ऑइलपेंटने '६' लिहिलंय, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला स्लो १०००, भरल्या होडीला ४६००, पंखा ११. पुढच्या वेळी जो कुणी उघडेल त्याला हे आधी दिसेल. काका अजूनही मुखाशी पोचले की काट्याकडे बघत नाहीत, मान तिरकी करून मशीन ऐकतात, आणि मग गिअर टाकतात.